पाचामुखी परमेश्वर, पण कोणत्या पाचांच्या?

पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे आशिया खंडातले सर्वांत मोठे आहेत, हे वाक्य आपण कुठे ना कुठे वाचलेले असते. पर्यटनाच्या माहितीत, सहलीच्या लेखात, रविवारच्या पुरवणीत. कधी त्याला गिनीज बुकाचीही जोड मिळते. खळगे विलक्षण आहेत यात शंका नाही. भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी हजारो वर्षे गरगरत काळ्या कातळात हे रांजण कोरले आहेत. पण आशियातल्या बाकी नद्यांच्या पात्रात टेप घेऊन कोण उतरले होते, हे विचारत मागे जाऊ लागलो की त्या वाक्यामागे आणखी एक वाक्य सापडते आणि त्यामागे तिसरे. म्हणणारे शेकड्याने आहेत. मोजणारे किती, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही.

एखादी गोष्ट बहुतेक सगळ्यांना मान्य आहे, एवढ्यावरून ती वस्तुनिष्ठ ठरते का? व्याख्येच्या जोरावर हा प्रश्न एका ओळीत मिटवता येतो. मानणारा कोण आहे यावर जे अवलंबून नाही ते वस्तुनिष्ठ. तेव्हा मानणारे किती आहेत यावरही ते अवलंबून नसणार. उत्तर बरोबर आहे, पण फारसे उपयोगाचे नाही. कारण आपल्याजवळचे बहुतेक ज्ञान दुसऱ्यांच्या शब्दावरच उभे असते. आपली जन्मतारीख, पणजोबांचे नाव, पृथ्वीचे वय यांतले काहीही आपण स्वतः तपासलेले नसते. चार लोकांचे म्हणणे मोडीत काढायचे तर हे सगळेच सोडून द्यावे लागेल. म्हणून खरा प्रश्न असा, की कोणत्या एकमताला पुराव्याचे मोल द्यायचे आणि कोणत्याला नाही.

पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात या प्रश्नाचे एक चालतेबोलते उदाहरण आहे. विहीर खोदायची किंवा बोअर घ्यायचा म्हटले की पाणाड्या बोलावला जातो. कोणी तळहातावर नारळ आडवा धरून रानात फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. कोणी लिंबाची नाहीतर उंबराची दुबेळकी काडी धरतो. पायाळू माणसाला, म्हणजे पायाकडून जन्मलेल्याला, जमिनीतले पाणी कळते असेही मानतात. हा विश्वास अडाण्यांचा म्हणून झटकता येत नाही. शिकलेले, नोकरदार, शास्त्राचे मास्तरसुद्धा रानात नारळवाल्याच्या मागे उभे असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात १९७२ पासून काम करते आहे. तिचा सल्ला घेऊनही शेवटी नारळाचाच कौल लावणारे कमी नाहीत. पाणाड्यावर जितके एकमत दिसते तितके ग्रामपंचायतीच्या कुठल्या ठरावावरही दिसत नसेल.

आणि हा विश्वास निराधार वाटतही नाही, कारण पाणी खरोखरच लागते. इथल्या जमिनीखाली दख्खनच्या लाव्हाचे थर आहेत. वर माती, मग मुरूम, झिजलेला खडक, मध्येच मांजऱ्या, खाली घट्ट काळा पाषाण. पाणी मुरते ते मुरमाच्या झिजल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. उथळ विहिरीला थोडेफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतेच, खूण कोणीही केलेली असो. खोल बोअरचे तसे नाही. तिथे भेग गाठली तर पाणी, चुकली तर फुफाटा. म्हणजे पाणाड्याच्या यशातला मोठा वाटा भूगर्भाचा असतो. उरलेले काम आठवण करते. पाणी लागलेल्या विहिरीवर मोटार चालू असते, भोवती कांदा हिरवा दिसतो, येणारा-जाणारा विचारतो की जागा कोणी दाखवली. फेल गेलेल्या बोअरच्या तोंडावर दगड ठेवतात आणि वर्षभरात तो दगडही गवतात जातो. कोणी आठवण काढलीच तर कारणे तयार असतात. मशीनवाल्याने गाडी दोन फूट सरकवून लावली, आणखी पन्नास फूट गेला असता तर लागले असते, घरात सुतक होते. ज्या दाव्याच्या अपयशाची जबाबदारी नेहमी दुसऱ्यावरच जाते, त्याच्याविरुद्ध पुरावा साठतच नाही, आणि पुरावा साठत नाही म्हणून एकमत अभंग राहते.

याची नीट परीक्षा झाली ती जर्मनीत. १९८७-८८ साली म्युनिकजवळच्या एका कोठारात तळमजल्यावर पाण्याचा नळ हलवत ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने त्याची जागा सांगायची, असा तो प्रयोग होता. सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ जणांनी ८४३ वेळा जागा सांगितली. काहींमध्ये खरोखर कसब आहे असे प्रयोग करणाऱ्यांनी म्हटले. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ते निव्वळ योगायोगाहून वेगळे निघाले नाहीत. पाणाडे लबाड असतात असा याचा अर्थ मुळीच नाही. हाताची बारीक हालचाल आपल्या नकळत होते आणि काडी वळते. धरणाऱ्याला ती आपोआप वळल्यासारखीच वाटते. त्याचा प्रामाणिकपणा शंभर नंबरी असू शकतो आणि खुणेखाली कोरडा पाषाणही.

आपल्याकडच्या तार्किकांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात ऐतिह्य नावाच्या एका प्रमाणाची चर्चा आहे: मूळ सांगणारा कोण हे ठाऊक नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या लोक म्हणत आले आहेत अशी गोष्ट. त्यासाठी परंपरेतले ठरलेले उदाहरण अगदी गावातले आहे: या वडावर यक्ष राहतो. पौराणिक मंडळी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानायची. नैयायिकांनी ते नाकारले. असे म्हणणे हा शब्दप्रमाणाचाच प्रकार, आणि शब्दाला प्रामाण्य येते ते सांगणाऱ्यामुळे: त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. वडावरच्या यक्षाबाबत असा सांगणारा कधीच हाती लागत नाही. पाणाड्याच्या ख्यातीचा माग काढत गेलो तरी हेच होते. प्रत्येक जण पलीकडच्या वाडीतल्या कोणाचा तरी हवाला देतो. त्याही आधी बुद्धाने केसपुत्त गावच्या कालामांना ऐकीव आणि परंपरागत म्हणून काहीही धरून बसू नका असे सांगितले होते.

पाश्चात्त्यांकडे उलट बाजू बराच काळ जोरात होती. सर्व राष्ट्रे देव मानतात, म्हणून देव असले पाहिजेत, हा युक्तिवाद सिसेरोच्या संवादात येतो आणि पुढे शतकानुशतके फिरत राहतो. १६९० च्या सुमारास जॉन लॉकने त्याच्या जवळच्या एका युक्तिवादाची हवा काढली. जे सर्वांना मान्य ते माणूस जन्मतःच घेऊन येतो, असे लोक म्हणत. लॉकचे म्हणणे असे, की सगळे एका मतावर आले आहेत हे खरे धरले तरी ते तिथे दुसऱ्या वाटेनेही आलेले असू शकतात. एकमत कसे तयार झाले हे विचारल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही, हा माझ्या मते या सगळ्या वादातला कळीचा मुद्दा आहे. बाकीची चर्चा त्याच्याभोवतीच फिरते.

तो मुद्दा गणिताने पक्का केला कोंदोर्से या फ्रेंच विद्वानाने, १७८५ मध्ये. प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी जास्त असेल आणि प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने मत दिले असेल, तर मतदार वाढतील तसे बहुमत बरोबर असण्याची शक्यता खात्रीच्या जवळ जाते. म्हणजे आपल्या ‘पाचामुखी परमेश्वर’ला गणिताचा आधार आहे. पण अटी कडक आहेत. प्रत्येकाच्या चुकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तर हेच गणित उलटे चालते आणि गर्दी जितकी मोठी तितकी चूक पक्की होते. पाचही मुखे एकाच कानातून ऐकून बोलत असतील तर ती पाच नसतातच, एकच असते.

फ्रान्सिस गाल्टनने १९०७ साली छापलेली बैलाची गोष्ट या बाबतीत नेहमी सांगितली जाते, पण अर्धीच. प्लिमथच्या प्रदर्शनात एका धिप्पाड बैलाचे कापून साफ केल्यावर वजन किती भरेल याचा अंदाज चिठ्ठीवर लिहायचा होता. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांतला मधला आकडा १२०७ पौंड निघाला. प्रत्यक्ष वजन ११९८ भरले. गर्दीचे शहाणपण म्हणून याचे कौतुक होते. सांगायचे राहते ते असे, की प्रत्येकाने चिठ्ठी स्वतंत्र लिहिली होती, तिच्यासाठी सहा पेन्स मोजले होते, आणि शेवटी बैल काट्यावर चढवला गेला होता. काटा नसता तर १२०७ हा आकडा बरोबर की चूक हे कळायला मार्गच नव्हता. आपल्या बाजार समितीतला कांद्याचा लिलाव पाहिला तर फरक दिसतो. तिथे बोली मोठ्याने लागते, प्रत्येकाला आधीचा आकडा ऐकू येतो, आणि पुढचा त्याच्याच आसपास राहतो. भाव ठरवायला ते ठीक आहे, कारण भाव ही बोलीतूनच तयार होणारी चीज आहे. वजन मात्र काट्यावरच कळते.

माणसे एकमेकांचे ऐकून किती वाकतात हे मानसशास्त्राने पुढे मोजले. मुझफ्फर शरीफ यांनी १९३५ मध्ये अंधाऱ्या खोलीत एक स्थिर ठिपका दाखवला. अंधारात तो हलल्याचा भास होतो. गटातले लोक थोड्या वेळात ‘तो इतका इतका हलतो’ अशा एका आकड्यावर आले, आणि नंतर एकटे बसवल्यावरही तोच आकडा सांगत राहिले. ठिपका हललाच नव्हता. सोलोमन अॅश यांच्या प्रयोगांत रेघांची लांबी डोळ्यांसमोर स्पष्ट असताना, आधी बोललेल्या सर्वांनी ठरवून चूक उत्तर दिले, तर अशा फेऱ्यांतली जवळपास एक तृतीयांश उत्तरे गर्दीच्या बाजूने गेली. एकच साथीदार खरे बोलणारा भेटला की हे प्रमाण झपाट्याने उतरत असे. ग्रामसभेत हात वर करून घेतलेले मत आणि पेटीत टाकलेली चिठ्ठी यांत काय अंतर आहे, हे गावाकडे मतदान पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले असेल तर? निघोजच्या मळगंगेच्या यात्रेत बारवेतून घागर वर येते आणि तिच्या दर्शनाला हजारोंची गर्दी लोटते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी तर पारनेरपासून लंडनपर्यंत गणपती दूध प्यायला. चमच्यातले दूध कमी झाले, हे पाहणाऱ्यांचे म्हणणे खरेच होते. पृष्ठताणामुळे दूध दगडावर चढून पातळ थराने खाली ओघळते, हे रंगीत दूध वापरल्यावर दिसले. पाहिलेले आणि पाहिल्याचा लावलेला अर्थ यांची गल्लत झाली की पहिल्यावरचे एकमत दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. घागर दिसली, यावर कोणाशीही वाद नाही. ती कशाने वर आली, हे त्या हजारो डोळ्यांपुढे आलेलेच नसते.

इतके सगळे एकमताच्या विरोधात लिहिल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण काही गोष्टी एकमतानेच अस्तित्वात येतात. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट हे कुठल्याही सैन्याचे सेनापती नव्हते. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाने त्यांना ती पदवी मिळाली, लोकांनी ती उचलली, आणि आज ते सेनापती बापट आहेत ही गोष्ट तितकीच पक्की आहे जितका त्यांचा १८८० चा पारनेरचा जन्म. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले; राजपत्रात आले आणि ते खरे झाले. नोटेची किंमत, गावाची शीव, सोसायटीचा चेअरमन, सगळे याच वर्गातले. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी अशा सामाजिक वास्तवावर सविस्तर लिहिले आहे. पण इथेही मर्यादा आहे. नाव बदलल्याने पारनेर आणि नगरमधले अंतर एका मीटरने घटले नाही, आणि सेनापतींच्या मागे लोक होते तरी मुळशीचे धरण बांधले गेलेच.

जिल्ह्यातलेच शनिशिंगणापूर या दोन वर्गांच्या मध्ये कुठेतरी बसते. घरांना दारे नाहीत, चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा करतो अशी श्रद्धा. २०११ मध्ये एका बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. चोरी केली तर अंधत्व येते असे सगळ्यांनाच वाटत असेल तर चोऱ्या खरोखर कमी होऊ शकतात. मग चोऱ्या कमी असणे हे श्रद्धेचा परिणाम म्हणून वस्तुनिष्ठ आणि शनीच्या शिक्षेचा पुरावा म्हणून निकामी. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये स्वतःला खरे करून दाखवणाऱ्या भाकितांविषयी लिहिले ते याच धर्तीचे. शिंगणापुरातही चोरीच्या तक्रारी झाल्या आहेत. परमुलखाहून आलेल्या चोराला ती श्रद्धा ठाऊक असेलच असे नाही.

विज्ञानातले एकमत हे तरी काय वेगळे, असे आता हटकून विचारले जाते, आणि प्रश्न रास्त आहे. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये खंड सरकतात असे म्हटले, तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याची टर उडवली. मत फिरायला अर्धे शतक लागले. फिरवले ते १९६० च्या दशकात समुद्रतळाच्या खडकांत सापडलेल्या चुंबकीय पट्ट्यांनी. भारताचा तुकडा सरकत असतानाच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहिला. म्हणजे पारनेरचा शेतकरी ज्या पाषाणात बोअर घालतो तो पाषाणच वेगेनरच्या बाजूचा साक्षीदार आहे. वैज्ञानिकांचे एकमत चुकू शकते, आणि चुकलेही आहे. त्याचे वजन येते ते या सवयीतून, की तिथे एकमत मोडून दाखवणाऱ्याचे नाव होते. पाणाड्यांच्या धंद्यात दुसऱ्याची खूण खोटी ठरवून मोठा झालेला कोणी ऐकिवात नाही.

नीतीच्या प्रांतात मामला सगळ्यात नाजूक. राळेगणसिद्धी याच तालुक्यातले. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी असे नियम एकमताने केले आणि श्रमदानातून पाणी अडवले. पाझर तलावात पाणी साठले, ते बांधाच्या जोरावर. पण बांध घालण्याची ताकद एकमताने दिली. त्याच एकमताने दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारही दिला गेला. गावाला मान्य होते म्हणून ते योग्य ठरते का? मला तसे म्हणवत नाही. दारूबंदीसाठी राज्यात महिलांच्या मतदानाची सोय आहे, उभी बाटली की आडवी. निघोजनेही ती निवडणूक पाहिली आहे. दुकान बंद व्हावे की नाही हे त्या मतदानाने रीतसर ठरते. दारूने यकृताचे काय होते, ते कुठल्याच बाटलीला मत देऊन ठरत नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ रिचर्ड रॉर्टी वस्तुनिष्ठतेच्या जागी आपसातली सहमती ठेवायला निघाले होते. त्यांना माझा एकच प्रश्न असता, महाडचा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर गेले तेव्हा नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा ठराव कागदावर होता आणि गावाचे एकमत त्याच्या उलट होते. नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले. सहमती हीच सत्याची कसोटी असती तर त्या दिवशी आंबेडकर चूक ठरले असते, आणि पुढे लोकमत वळल्यावर बरोबर. सुधारक चुकीपासूनच सुरुवात करतो, असे मग मानावे लागेल. तळ्यावरून चाललेल्या खटल्यात उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये निकाल दिला तेव्हा अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची चाल अनादिकाळापासूनची आहे हा वादींचा दावाच सिद्ध झाला नाही असे ठरले. सगळे मानतात, नेहमीच मानत आले आहेत, या दाव्यालाही पुरावा मागता येतो, आणि मागितल्यावर तो पुष्कळदा मिळत नाही.

तुकोबांनी खऱ्या-खोट्याच्या निवाड्यात बहुतांच्या मताला मान दिला नाही, स्वतःच्या मनाला साक्षी ठेवले, हे आपण अभिमानाने सांगतो. धैर्य म्हणून ते मोठेच आहे. पण कसोटी म्हणून एकट्याचे मनही अपुरे पडते. पाणाड्याचे मनही त्याला ग्वाही देतच असते. चार्ल्स पर्स यांनी १८७८ मध्ये सुचवलेली वाट मला जास्त जवळची वाटते: तपास करणारे सगळे शेवटी ज्या मतावर येतील ते सत्य. यातला जोर ‘सगळे’वर नाही, ‘तपास’वर आहे. ‘शेवटी’ कधी येणार हे पर्स सांगू शकत नव्हते, आणि त्यांच्या म्हणण्यातली कमजोर जागा तीच.

रोजच्या कारभारात मात्र शेवटाची वाट पाहता येत नाही. दुष्काळ आहे की नाही हे या हंगामातच ठरवावे लागते. गावाला विचारले तर गाव एकमुखाने आहे म्हणणार, कारण सगळ्यांचे हित एकाच बाजूला आहे. सरकारी तिजोरीचे हित दुसऱ्या बाजूला. म्हणून पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदाचे किती आले याचा सरकारी अंदाज. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम, आणि ५० पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेने पाऊस, पिकांचा हिरवेपणा, जमिनीतला ओलावा असे निकष आणले, आणि २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुके त्या पद्धतीने जाहीर केले. त्यावरही ओरड झाली: उपग्रहाला हिरवे दिसलेले तण होते, पीक नव्हते. त्यामुळे शेवटची पायरी अजून शेतातच आहे. पीक कापणी प्रयोगासाठी शेत चिठ्ठी टाकावी तसे आधी न ठरवता निवडतात, त्यात ठरलेल्या मापाचा चौकोन आखतात, तेवढेच पीक कापून, मळून वजन करतात. शेतकरी, कृषी सहायक किंवा तलाठी आणि विमा कंपनीचा माणूस, ज्यांची हिते एकमेकांविरुद्ध आहेत असे लोक, त्याच चौकोनाभोवती उभे असतात आणि काट्यावरचा आकडा वाचून एकाच कागदावर सह्या करतात. पुढे वाद होतो तो चौकोन कोणत्या कोपऱ्यात आखला यावर.